दोन तारा, चार पावलं

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीआय-८३ प्लस या कॅल्क्युलेटरच्या कडेला एक बारीक गोल भोक आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हेडफोनचं वाटतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. अडीच मिलिमीटरचा, जुन्या मोबाइलच्या हँड्सफ्रीला असायचा तसलाच हा जॅक. त्यात एक आखूड केबल घालायची, दुसरं टोक मित्राच्या कॅल्क्युलेटरमध्ये, की एकावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर जातो. अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये नव्वदच्या दशकात किती तरी गेम अशाच पसरल्या: बाकावरून बाकावर, इंटरनेटचा संबंध न येता.

आपल्याकडे हे यंत्र फारसं कुणी हाताळलेलं नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत सहसा साधा कॅल्क्युलेटरही चालत नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर कॅसिओचा एफएक्स-९९१ हाती येतो आणि तो आलेख काढत नाही. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळा सोडल्या तर पडद्यावर वक्ररेषा काढून दाखवणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आपल्या मुलांना सहसा भेटत नाही. अमेरिकेत मात्र १९९५पासून एपी कॅल्क्युलस या परीक्षेसाठी तो जवळ असणं गृहीतच धरलं गेलं. पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली काढला. शाळांचा बाजार पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने खाल्ला. त्यांच्या १९९०च्या टीआय-८१ला हे भोक नव्हतं. १९९२च्या टीआय-८५ला ते आलं आणि पुढची वीसेक वर्षं टिकलं.

त्या भोकामागे जे घडतं ते असेंब्ली भाषेतून, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या आज्ञांमधून पाहिलं, तर दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय करतात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. यूएसबी किंवा वायफायबद्दल हजार पानं वाचूनही जे हाताला लागत नाही, ते इथे वीस-पंचवीस आज्ञांत उघडं पडतं.

केबलमध्ये तीन वाहक असतात. एक ग्राउंड. उरलेल्या दोन खऱ्या बोलण्याच्या तारा. दोन्ही तारा रेझिस्टरमधून पाच व्होल्टला बांधलेल्या असतात, त्यामुळे कुणी काही केलं नाही तर त्या आपोआप वर, म्हणजे 'हाय' अवस्थेत राहतात. कॅल्क्युलेटर त्यांना खाली ओढून शून्य व्होल्टवर आणू शकतो किंवा सोडून देऊ शकतो. जबरदस्तीने वर ढकलू मात्र शकत नाही. जुन्या एसटीत छताखालून घंटीची दोरी जायची, तिचा न्याय इथे लागू पडतो: पुढचा प्रवासी ओढो की मागचा, दोरी खालीच येते, सोडली की आपली आपण वर जाते, आणि दोघांनी एकदम ओढली तरी काही तुटत नाही. विजेच्या भाषेत या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. एका यंत्राने तार वर ढकलली आणि दुसऱ्याने त्याच क्षणी खाली ओढली असती, तर मधे शॉर्टसर्किट झालं असतं. इथे तो प्रश्नच येत नाही. शाळकरी मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूला हे शहाणपण शोभून दिसतं.

आता एक बिट पाठवायचा आहे. दोन तारांपैकी एक 'शून्याची', दुसरी 'एकाची' असं ठरलेलं आहे. पाठवणाऱ्याला शून्य पाठवायचा असेल तर तो शून्याची तार खाली ओढतो. घेणाऱ्याच्या ते लक्षात आलं की तो दुसरी, म्हणजे एकाची तार खाली ओढतो. ही झाली पोच. आता दोन्ही तारा खाली आहेत. पोच पाहून पाठवणारा आपली तार सोडतो, ती वर जाते. ते पाहून घेणारा आपली तार सोडतो. दोन्ही तारा पुन्हा वर, एक बिट पोहोचला, पुढच्याला सुरुवात. एक पाठवायचा असेल तर तारांची अदलाबदल, बाकी सगळं तसंच.

चार पावलं, आणि प्रत्येक पाऊल समोरच्याने आधीचं पाऊल टाकल्याशिवाय पडत नाही. यात वेळ किती लागावा हे कुठेही ठरवलेलं नाही. बहुतेक संवादपद्धतींचा सगळा डोलारा वेळेवर उभा असतो. साध्या सिरियल पोर्टवर ९६०० बिट प्रतिसेकंद ठरले म्हणजे प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकला पाहिजे, आणि दोन्हीकडची घड्याळं थोडी जरी जास्त सरकली तरी अक्षरांचा काला होतो. डिप्लोमाला किंवा बीईला ८०८५च्या किटवर एसओडी पिनमधून सिरियल डेटा काढण्याचं प्रॅक्टिकल ज्यांनी केलं असेल त्यांना हे ठाऊक आहे. डिले लूपमधला आकडा हातावर गणित मांडून काढायचा, आणि क्रिस्टल बदलला की सगळं पुन्हा. कॅल्क्युलेटरच्या केबलवर डिले लूपच नाही. ६ मेगाहर्ट्झवर चालणारा टीआय-८२ आणि १५ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा टीआय-८४ प्लस एकमेकांशी बोलतात तेव्हा वेगवान यंत्र मंद यंत्राची निमूट वाट पाहतं. घरी केलेल्या केबलने हेच कॅल्क्युलेटर त्याहून कितीतरी वेगवान संगणकाच्या प्रिंटर पोर्टलाही जोडले गेले आणि तिथेही पद्धत जशीच्या तशी चालली.

किंमत अर्थातच वेगात मोजावी लागते. टीआय-८३ प्लसचा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, म्हणजे ६,१४४ बिट किंवा ७६८ बाइट. हा एक पडदा पाठवायला दोन्ही तारा मिळून २४,५७६ वेळा खाली किंवा वर व्हाव्या लागतात. एवढं करून जातं काय, तर टपाल तिकिटाएवढं एक चित्र. तरीही हा सौदा बरोबर होता असं माझं मत आहे. शाळेतल्या यंत्राने मंद चाललेलं परवडतं, मधेच गोंधळलेलं परवडत नाही.

आता आज्ञांकडे वळू. या कॅल्क्युलेटरांत झायलॉग कंपनीचा झेड८० प्रोसेसर आहे, १९७६चा. तो करणारे फेदेरिको फाजिन आणि मासातोशी शिमा हे दोघेही आधी इंटेलमध्ये ८०८०वर काम करून आलेले, त्यामुळे ८०८०चा प्रोग्राम झेड८० जसाच्या तसा चालवतो. ८०८५ शिकलेल्या माणसाला झेड८० वाचताना चुलतभावाच्या घरी गेल्यासारखं वाटतं. नावं बदललेली, 'एमव्हीआय'च्या जागी 'एलडी', पण रजिस्टर तेच, स्टॅक तोच.

टीआय-८३ प्लसवर दोन्ही तारा ० क्रमांकाच्या पोर्टला जोडलेल्या आहेत. त्या पोर्टवर 'आउट' आज्ञेने आकडा लिहिला की खालचे दोन बिट तारांचं नशीब ठरवतात. १ लिहिला तर शून्याची तार खाली, २ लिहिला तर एकाची, ३ लिहिला तर दोन्ही, ० लिहिला तर दोन्ही मोकळ्या. 'इन' आज्ञेने तोच पोर्ट वाचला की तारांची प्रत्यक्ष स्थिती कळते, मात्र इथे हिशोब उलटा. वाचताना १ म्हणजे तार वर, ० म्हणजे तार खाली. लिहिताना १ म्हणजे ओढ, वाचताना १ म्हणजे मोकळी. नवशिक्यांचा पहिला दिवस बहुधा या एका गोष्टीत जातो.

बाइट पाठवायचा तो सी रजिस्टरमध्ये ठेवायचा, बी रजिस्टरमध्ये ८ भरायचे. सी उजवीकडे एक घर सरकवला की सर्वांत खालचा बिट कॅरी फ्लॅगमध्ये पडतो. कॅरी असेल तर पोर्टवर २ लिहायचे, नसेल तर १. मग पोर्ट वाचत राहायचं, वाचलेल्या आकड्याला ३ने 'अँड' करायचं आणि उत्तर शून्य येईपर्यंत फिरत राहायचं. शून्य म्हणजे दोन्ही तारा खाली, म्हणजेच पोच आली. मग पोर्टवर ० लिहून आपली तार सोडायची आणि उत्तर ३ येईपर्यंत पुन्हा वाचत राहायचं. दोन्ही वर आल्या की बी एकने कमी करून पुढचा बिट. यासाठी झेड८०कडे 'डीजेएनझेड' नावाची स्वतंत्र आज्ञा आहे, बी कमी करणं आणि शून्य नसेल तर उडी मारणं हे दोन्ही ती एका दमात करते. झाला बाइट. सर्वांत खालचा बिट आधी जातो, सर्वांत वरचा शेवटी.

घेणाऱ्याची बाजू वाचायला याहून सोपी वाटते, पण खाचखळगे तिथेच आहेत. तो पोर्ट वाचत बसतो. ३ येतंय तोवर शांतता. २ आलं तर शून्याची तार खाली गेली, १ आलं तर एकाची. आलेला बिट वरून सी रजिस्टरमध्ये ढकलायचा, दुसरी तार ओढून पोच द्यायची, पाठवणाऱ्याची तार वर जाईपर्यंत थांबायचं आणि आपली सोडायची. सोडली की लगेच पुढच्या बिटासाठी वाचायला धावायचं, हीच चूक. सोडलेली तार उडी मारून वर जात नाही. रेझिस्टरमधून येणारा क्षीण प्रवाह तिला वर आणतो, आणि केबलची स्वतःची विजेची साठवण भरायला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात वाचलं तर आपणच सोडलेली, अजून पुरती वर न आलेली तार खाली दिसते आणि घेणारा समजतो की नवा बिट आला. आखूड केबलवर प्रोग्राम बरोबर चालतो आणि लांब केबलवर मधूनच एखादा बाइट चुकतो, असा प्रकार दिसला की आधी संशय इथे घ्यावा. उपाय एका ओळीचा: आपली तार सोडल्यावर तीही वर आल्याचं वाचून खात्री करायची आणि मगच पुढे जायचं.

एक गोष्ट या सुंदर पद्धतीत मुळातच नाही: आधी बोलायचं कुणी? तारा दोघांच्या सारख्याच मालकीच्या. समजा दोन्ही कॅल्क्युलेटर एकाच क्षणी पाठवायला लागले आणि दोघांचा पहिला बिट शून्य आहे. दोघेही शून्याची तार ओढतात, दोघेही एकाची तार खाली येण्याची वाट पाहतात. ती ओढणारं कुणी उरलेलंच नाही. दोघे कायमचे अडकले.

याहून फसवा प्रकार दुसरा. एकाला शून्य पाठवायचा आहे, दुसऱ्याला एक. पहिल्याने शून्याची तार ओढली, दुसऱ्याने एकाची. पहिला पाहतो तर दोन्ही तारा खाली, म्हणजे पोच आली! दुसराही तेच पाहतो आणि त्याचीही तीच समजूत होते. दोघे आपापली तार सोडतात, दोन्ही वर जातात, आणि दोघांनाही वाटतं की आपला बिट सुखरूप पोहोचला. प्रत्यक्षात कुणीच काही घेतलेलं नाही. पुढच्या एखाद्या बिटाला दोघांचं साम्य निघालं की वर सांगितलेली कोंडी होते. प्रोग्रामर मग चौथ्या-पाचव्या बिटात चूक शोधत बसतो, आणि ती असते पहिल्या बिटाच्याही आधी.

म्हणून दोन खेळाडूंच्या गेममध्ये सुरुवातीलाच भूमिका ठरवून घेतात. प्रोग्राम सुरू होताच तो तारा पाहतो. एखादी तार आधीच खाली असेल, तर समोरचा आपल्याआधी येऊन थांबला आहे, म्हणजे आपण दुसरे. दोन्ही वर असतील, तर आपण पहिले: एक तार ओढून वाट पाहत बसायचं. त्यानंतर खेळाच्या प्रत्येक फेरीत आधी पहिल्याने एक बाइट द्यायचा, मग दुसऱ्याने. या कॅल्क्युलेटरांवर गाजलेल्या झेडटेट्रिस या गेममध्ये केबल लावून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता यायचं. अशा खेळात चाली कितीही भरभर होवोत, केबलवरून जाण्यासारखं एका फेरीत एखाद-दुसऱ्या बाइटहून जास्त काही नसतं.

केबल मधेच कुणी उपसली तर? वर सांगितलेल्या सगळ्या लूपना अंत नाही. पोच येईपर्यंत फिरत राहायचं असं आपणच लिहिलंय. कॅल्क्युलेटर गोठतो, बॅटरी काढावी लागते आणि रॅममधलं सगळं पुसलं जातं. समोरच्या मुलाने आठवडाभर खपून लिहिलेला प्रोग्रामही त्यात जातो, आणि मैत्रीही जाऊ शकते. म्हणून प्रत्येक लूपमध्ये एक उलटी मोजणी ठेवायची. सोळा बिटांच्या रजिस्टर-जोडीत ६५,५३६ फेऱ्या बसतात. एका फेरीला चाळीसेक ठोके लागत असतील तर ६ मेगाहर्ट्झवर साधारण ०.४ सेकंद होतात. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर आशा सोडायची, पोर्टवर ० लिहायचं आणि बाहेर पडायचं. ते शेवटचं ० विसरलं तर तार खालीच राहते, आणि नंतर कॅल्क्युलेटरच्या स्वतःच्या सिस्टिमला वाटतं की बाहेरून कुणीतरी काहीतरी पाठवतंय. याच कारणासाठी पोर्टला हात लावण्याआधी 'डीआय' आज्ञेने इंटरप्ट बंद करण्याची पद्धत आहे. नाहीतर आपण एका बिटाच्या मधे असताना सिस्टिम नाक खुपसते.

एवढी यातायात नको असेल तर कॅल्क्युलेटरच्या रॉममध्ये बाइट पाठवण्या-घेण्याचे तयार उपप्रोग्राम आहेत, आणि कंपनीने टीआय-८३ प्लससाठी त्यांची माहिती छापूनही दिली होती. ते वापरावेत. मात्र एकदा तरी स्वतः बिट पाठवून पाहिल्यावर वापरावेत.

बाइट पोहोचू लागले की त्यांना अर्थ द्यायचं काम उरतं. सिस्टिम स्वतः जेव्हा एखादी चल राशी किंवा प्रोग्राम पाठवते तेव्हा बाइट पाकिटांत घालते. पाकिटाचा पहिला बाइट 'मी कोण' हे सांगतो. टीआय-८२ असेल तर सोळाच्या पायातले ८२, टीआय-८३ असेल तर ८३. दुसरा बाइट म्हणजे आज्ञा: ५६ म्हणजे पोच, ०९ म्हणजे 'पाठव, मी तयार आहे', १५ म्हणजे 'हा घे डेटा', ९२ म्हणजे 'संपलं'. पुढचे दोन बाइट डेटाची लांबी, मग डेटा, आणि शेवटी डेटातल्या सगळ्या बाइटांची बेरीज दोन बाइटांत. पोचेसारख्या पाकिटात डेटा नसतोच, त्यामुळे ते चार बाइटांत आटोपतं: ८३, ५६, ००, ००.

एका टीआय-८३वरून दुसऱ्यावर 'ए' या राशीची किंमत पाठवायची आहे, ती किंमत आहे २. या यंत्रात कोणतीही वास्तव संख्या नऊ बाइट घेते. पहिला बाइट चिन्हाचा, दुसरा दहाच्या घाताचा, उरलेल्या सात बाइटांत चौदा दशमान अंक. २साठी सोळाच्या पायात ते असे दिसतात: ००, ८०, २० आणि पुढे सहा वेळा ००. बेरीज दशमानात १२८ अधिक ३२, म्हणजे १६०. पण हे नऊ बाइट थेट जात नाहीत. आधी मथळ्याचं पाकीट जातं: आकार नऊ, प्रकार वास्तव संख्या, नाव 'ए'. हा मथळा अकरा बाइटांचा, त्याची बेरीज ९ अधिक ६५, म्हणजे ७४. पुढची-मागची भर धरून सतरा बाइट. त्यावर चार बाइटांची पोच. मग घेणाऱ्याच्या पडद्यावर, त्या नावाची राशी आधीच असेल तर, वापरणाऱ्याला विचारलं जातं की बदलू का. होकार आला की 'पाठव'चे चार बाइट, त्याची पोच चार बाइट, मग खरा डेटा पंधरा बाइटांत, त्याची पोच पुन्हा चार. नऊ बाइटांच्या मालासाठी एवढ्यापर्यंतच ४८ बाइट केबलवरून गेले, आणि त्यातल्या प्रत्येक बिटाला ती चार पावलं आहेतच. सरकारी कचेरीचा आरोप करायला हरकत नाही. पण 'बदलू का' हा प्रश्न विचारायला सवड मिळते ती याच कागदपत्रांमुळे.

बेरजेची तपासणी मात्र कच्ची आहे. दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. ४ आणि ७ गेले काय, ७ आणि ४ गेले काय, ती ११च. हे चालून गेलं, कारण खाली प्रत्येक बिटाची पोच घेतली जात असल्यामुळे बाइट उलटसुलट होण्याची शक्यताच फार कमी. मजबूत पायावर वरचा मजला जरा कच्चा राहिला तर निभतं.

या केबलचा इतिहास तिच्या तंत्राइतकाच मजेदार आहे. टीआय-८५ विकायला आला तेव्हा त्यावर असेंब्ली चालवायची सोयच कंपनीने दिलेली नव्हती, दिलेली होती फक्त एक मंद, बेसिकसारखी भाषा. वाट सापडली ती याच केबलमधून. कॅल्क्युलेटरची सगळी मेमरी बॅकअप म्हणून संगणकावर उतरवता यायची. उत्साही मुलांनी त्या बॅकअपमधल्या कस्टम मेनूच्या नोंदीत फेरफार केला आणि तो परत यंत्रावर चढवला. मेनूचं ते बटण दाबलं की प्रोसेसर थेट त्यांच्या स्वतःच्या आज्ञांवर उडी मारायचा. असेंब्ली प्रोग्राम चालवून देणारा १९९४चा झेडशेल असा जन्मला. १९९६च्या टीआय-८३मध्ये कंपनीने मग एक चोरदरवाजाच ठेवला. 'सेंड' ही आज्ञा खरं तर प्रयोगशाळेतल्या सेन्सरच्या डब्याला केबलवरून डेटा पाठवायची. तिच्यापुढे ९ आणि प्रोग्रामचं नाव लिहिलं की असेंब्ली प्रोग्राम चालू व्हायचा. टीआय-८३ प्लसवर १९९९ साली राजरोस 'एएसएम' ही आज्ञा आली.

दोन तारांवर दोनच यंत्रं बोलू शकतात ही मर्यादाही पुढे मोडली. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर मिचेल यांनी कॅल्कनेट नावाची पद्धत रचली. तीत अनेक कॅल्क्युलेटर त्याच दोन तारांवर टांगून जाळं करता येतं, आणि पुढे संगणकाच्या मदतीने ते जाळं इंटरनेटलाही जोडलं गेलं. कुणी त्याच भोकातून गाणी वाजवली. तारा झपाट्याने खाली-वर केल्या आणि अडॅप्टर लावून हेडफोन जोडला की सूर ऐकू येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हेडफोनचं भोक वाटतं ते असं खरं ठरलं.

टीआय-८४ प्लसच्या काळात बाइट पाठवण्याचं काम चिपमधल्या एका छोट्या मदतनीस सर्किटकडे गेलं. प्रोसेसरने बाइट द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं. शेजारी यूएसबीही आलं. २०१५च्या टीआय-८४ प्लस सीईवर ते गोल भोकच उरलं नाही. २०२०मध्ये कंपनीने सीईच्या नव्या सिस्टिममधून असेंब्ली प्रोग्राम चालवण्याची सोयही काढून टाकली. कारण परीक्षेसाठीच्या बंदोबस्ताला मुलं असेंब्लीच्या वाटेने बगल देऊ शकत होती. परीक्षेची काळजी खरीच, पण शिकण्याचं यंत्र बंद कुलपाचं करून शिकवण्याचा धंदा चालवणं मला पटत नाही. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये झायलॉगने मूळ झेड८० चिपचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, ४८ वर्षांनी.

हे सगळं स्वतः करून पाहायला कॅल्क्युलेटर लागत नाही. दोन अर्डुइनो बोर्ड घ्या, तीन तारा जोडा. प्रत्येक बाजूला दोन पिन. तार सोडायची असेल तेव्हा पिन 'इनपुट पुलअप' करा, ओढायची असेल तेव्हा आधी 'लो' लिहून मग 'आउटपुट' करा, 'हाय' कधीही लिहू नका. वरची चार पावलं लिहून एका बोर्डावरून दुसऱ्यावर तुमचं नाव पाठवा. मग एका बोर्डाच्या प्रत्येक पावलात मुद्दाम दहा मिलिसेकंदांचा उशीर घाला. नाव सावकाश येईल, पण बरोबर येईल. त्यानंतर दोन्ही बोर्ड एकदम पाठवायला लावा आणि कोंडी कितव्या बिटाला होते ते पाहा. ग्राउंडची तिसरी तार तेवढी जोडायला विसरू नका, तिच्याशिवाय यातलं काहीच चालत नाही.